मोटरला आलेले फोन

इंदूरहून इंजिनिअर होऊन मी बुऱ्हाणपूरला परत आले आणि त्याच आठवड्यात आमचा मिक्सर बंद पडला. आईने तो उचलून माझ्यासमोर ठेवला आणि चटणीचं सामान हातात घेऊन शेजारीच उभी राहिली. मी मिक्सर उघडला, आत नीट पाहिलं आणि पुन्हा लावून टाकला.

"काय झालंय?"

"मोटर जळालीय. नवा आणावा लागेल."

"वास आला तेव्हा मीपण हेच म्हटलं होतं," आई म्हणाली. "त्याला इंदूरला जाऊन राहावं लागतं होय?"

माझी डिग्री इलेक्ट्रिकलची होती, नाद मात्र कॉम्प्युटरचा. दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रोग्रॅमिंगचा एक विषय होता. बाकीच्यांनी तो पास होण्यापुरता केला. मला त्याने असं धरलं, की मी उठसूट कॉम्प्युटरवाल्यांच्या लॅबमध्ये जाऊन बसायला लागले. तिथे मला 'तारवाली' म्हणत. आमच्या सरांना हे कळल्यावर ते मला 'कीबोर्डवाली' म्हणू लागले. मला तार आणि कीबोर्ड यांच्या मधलं काहीतरी करायचं होतं. एखादं यंत्र असावं, त्याच्यात आपण लिहिलेला प्रोग्रॅम असावा आणि त्या प्रोग्रॅमने काहीतरी खरोखरचं हलावं. पडद्यावर नुसती अक्षरं यावीत, एवढ्याने माझं भागत नव्हतं. पण अशा कामाला काय म्हणतात आणि ते कुठे मिळतं, हे मला नीट सांगता येत नसे. सॉफ्टवेअरच्या कंपनीत मुलाखतीला गेले, तर म्हणाले, "तुम्ही इलेक्ट्रिकलच्या, इकडे कशा?" ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात गेले, तर म्हणाले, "मुलींना आम्ही साइटवर पाठवत नाही." बरोबरच्या मुली बेंगलोर-पुण्याला गेल्या. मी घरी येऊन मिक्सर उघडत बसले.

घरात माझ्या भविष्यावरून दोन भावांत भांडण होतं. एक माझे बाबा, शाळेत गणित शिकवायचे. दुसरे शाहपूरचे काका, त्यांची केळी. काका दर रविवारी बुऱ्हाणपूरला यायचे, जेवायचे आणि जेवताना भांडायचे.

"लाईट ऑफिसात चिकटव तिला," काका म्हणायचे. "गावात इज्जत राहते. ज्याचं बिल जास्त येईल तो घरी येऊन हात जोडेल."

"ती कॉम्प्युटरमध्ये जाणार. एसीत बसेल."

"एसी चालते कशावर? लाईटवरच ना?"

"मला दोन्ही करायचंय," मी एकदा मध्येच म्हणाले. दोघंही जेवायचे थांबले. या एका बाबतीत दोघा भावांचं एकमत होतं, की दोन्ही म्हणजे काहीच नाही. बाबांनी स्वतःचं उदाहरण दिलं. शाळेने त्यांच्याकडे गणिताबरोबर पीटीचा तासही सोपवला होता, तेव्हापासून गणिताबद्दल विचारायला कुणी पालक त्यांच्याकडे येत नव्हता. सगळे शिट्टीबद्दल विचारत.

याच भांडणातून मला माझं पहिलं काम मिळालं. काकांचं घर शाहपुरात आणि मळा गावाबाहेर लांब. लाईट जायची, यायची, पुन्हा जायची, आणि दर वेळी पाण्याच्या मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबायला कुणीतरी मळ्यात जावं लागायचं. काकांचे गुडघे दुखत होते. ते म्हणाले, "बेटा, तू एवढं शिकून राहिली, तर घरी बसल्या मोटर चालू होईल असं काही कर ना. मग मी मानेन तुझं दोन्ही."

मोबाइल तेव्हा नुकते सगळ्यांच्या हातात येऊ लागले होते. येणारे फोन फुकट झाले होते आणि मिस्ड कॉल द्यायला काहीच लागत नसे. मला वाटलं, एक जुना फोन मोटरच्या खोलीत ठेवायचा. रिंग वाजली की फोनचा थरथराट करणारी जी तार असते, तिच्यात वीज येते. ती वीज माझ्या सर्किटने ओळखायची आणि रिले नावाच्या विजेच्या खटक्याने स्टार्टरचं बटण दाबायचं. पुढच्या फोनला लाल बटण. म्हणजे एक मिस्ड कॉल दिला की मोटर चालू, दुसरा दिला की बंद. शिवाय रिंग ओळखली की सर्किट फोन कापून टाकेल, म्हणजे फोन उगाच वाजत राहणार नाही. या कापण्याचा मला विशेष अभिमान वाटत होता.

फोन घरातलाच एक जुना होता, काचेला तडा गेलेला. सिम माझं. मी नुकतंच दुसऱ्या कंपनीचं नवं सिम घेतलं होतं, त्यामुळे कॉलेजातलं जुनं रिकामं पडलं होतं, आणि त्याचा टॉवर शाहपूरला फार छान पकडायचा. सर्किटसकट सगळं एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलं, डबा स्टार्टरशेजारी भिंतीला ठोकला आणि काकांना म्हटलं, "लावा फोन."

काकांनी चष्मा लावून एकेक आकडा दाबला. डब्यात टक् असा आवाज झाला आणि मोटर घुमली. पाइपातून पाणी आलं. काका पाण्याकडे बघत राहिले, मग हातातल्या फोनकडे आणि मग माझ्याकडे.

"आता माझा फोन तिच्याशी बोलला?"

"बोलला नाही. नुसती रिंग दिली."

"बोललाच," काका म्हणाले.

सुरुवातीला काका घरून फोन लावायचे आणि मोटर खरंच चालू झाली का हे पाहायला मळ्यापर्यंत चालत जायचे. काकूने त्यांना विचारलं, "मग बटण दाबायलाच का नाही जात?" तेव्हा कुठे ते घरी बसू लागले.

मग एक दिवस काकांचा फोन आला. आवाज एकदम दबका.

"बेटा, ती आपोआप चालू होऊन राहिली."

"कोण?"

"मोटर. मी फोनच नाही लावला. तिला समजून राहिलं, केळीला पाणी पाहिजे ते. काल ढग होते तरी चालू झाली. म्हणजे तिला माहीत, पाऊस येणार नाही म्हणून. आणि आलाच नाही!"

मी म्हटलं, चुकून कुणाचा फोन लागला असेल. काकांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना पटवून घ्यायचंही नव्हतं. त्यांच्या पुतणीने मोटरला अक्कल दिली होती. जसोंडीचे, देडतलाईचे ओळखीचे शेतकरी मोटर बघायला येऊ लागले. काका त्यांना खोलीबाहेर बसवायचे आणि म्हणायचे, "थांबा, तिला वाटलं की होईल चालू." एकदा खरोखरच त्यांच्या डोळ्यांसमोर मोटर चालू झाली. पाहुण्यांपैकी एकाने चप्पल काढून आत डोकावलं, असं काका सांगत होते.

दिवस जात होते आणि मोटरची अक्कल वाढत होती. ती सकाळी चालू व्हायची, दुपारी चालू व्हायची, कधी पाठोपाठ चालू-बंद चालू-बंद करायची. केळीच्या बागेत चिखल झाला. तरी काका म्हणत होते, "तिला काही दिसत असेल, जे आपल्याला नाही दिसत."

केळी कापायचा दिवस आला तेव्हा त्यांचा विश्वास डळमळला. व्यापाऱ्याचा ट्रक बांधावरून बागेत उतरला आणि मागची चाकं अर्धी गडप झाली. मला तातडीने बोलावणं आलं. बाबांना त्या दिवशी सुट्टी होती. आम्ही दोघं शनवाऱ्याच्या चौकातून जीपने शाहपूरला गेलो आणि तिथून मळ्यात. ट्रकच्या मागे माणसं ढकलत होती, ड्रायव्हर सगळ्यांना हिंदीत शिव्या देत होता आणि कापलेले घड बाजूला ठेवून चाकांखाली केळीची पानं घालता घालता सगळे घामाघूम झाले होते. काका एकटेच लांब उभे होते, मोटरच्या खोलीकडे पाठ करून. लहान मुलाने परक्याच्या घरी काही फोडलं की आई-बापांचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"तूच बघ तिला," ते मला म्हणाले.

मी खोलीत गेले. मोटर बंद होती. मी डबा उघडला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. बाबा दारात. थोड्या वेळाने फोनचा पडदा उजळला. समोर अनोळखी नंबर. टक् झालं, मोटर घुमली. फोन कापला जाण्याच्या आत मी तार ओढली आणि फोन कानाला लावला.

"हॅलो?"

पलीकडून एका माणसाचा आवाज, चढलेला. "उचलला! अहो, उचलला एकदाचा! तुम्हाला मुलीचं लग्न करायचंय की नाही?"

"कोणाचं लग्न?"

"गणिताच्या मास्तरांच्या मुलीचं. इंजिनिअर आहे ना? मी रावेरहून बोलतोय. मुलाचा बाप. कधीपासून फोन करतोय, तुमच्याकडून एक रिंग होते की कट. एक रिंग होते की कट. नको असेल तर तसं सांगा ना! अशी काय रीत आहे?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते.

ते असं झालं होतं. आमचा घरचा फोन सारखा बंद पडायचा म्हणून बाबा सगळीकडे माझाच मोबाइल नंबर देत. तो त्यांना पाठ होता. मी नवं सिम घेतल्यावर त्यांना नवा नंबर सांगितला होता, पण त्यांचं म्हणणं पडलं, की डोक्यात एक नंबर घट्ट बसला असताना दुसरा बसवणं धोक्याचं. म्हणून स्थळं सुचवणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी विश्वासाने तोच जुना नंबर सांगितला होता. गणिताच्या मास्तरांना मध्ये एकदाही आठवलं नाही, की तो नंबर आता शाहपूरला भिंतीवर टांगलेला आहे. मोटरला अक्कलबिक्कल काही आली नव्हती. मला स्थळं येत होती.

"काका, माफ करा," मी फोनवर म्हणाले, "तुम्ही फोन केला की आमची मोटर चालू होते."

"काय चालू होते?"

"मोटर. पाण्याची."

"चेष्टा करता का?"

एवढ्यात बोलणं ऐकून आत आलेल्या शाहपूरच्या काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांना सगळं समजलं होतं आणि जे समजलं त्याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं. पण ते व्यवहारी माणूस. "साहेब, राम राम. मी मुलीचा काका. आता तुम्ही असं करा, फोन ठेवा आणि परत लावा. इकडे मोटर बंद करायची आहे."

"तुमच्या भिंतीवर बटण नाही का?"

"आहे ना. पण तुम्ही चालू केली, तर तुम्हीच बंद करा."

मी तार पुन्हा जोडली. माणूस संतापून फोन ठेवेल आणि विषय संपेल, असं मला वाटलं. पण फोन उजळला, टक् झालं, मोटर थांबली. पुन्हा उजळला, पुन्हा चालू. पुन्हा बंद. बाहेर ट्रक ढकलणारी माणसं थांबून खोलीकडे बघू लागली. पुढच्या वेळी मी पुन्हा तार ओढून फोन उचलला तेव्हा रावेरच्या माणसाचा आवाज पार बदलला होता.

"म्हणजे मी रावेरात बसून तुमची मोटर चालवतोय?"

"हो."

"आणि हे मुलीने बनवलं?"

"हो. मीच ती."

"माझीपण केळी आहे, बेटी," तो म्हणाला. "मळा घरापासून लांब आहे." मग घसा साफ करून म्हणाला, "आम्ही रविवारी येतो. बघायला."

फोन ठेवला, तोवर पुन्हा रिंग आली. डबा उघडाच होता, तार सुटलेली होती, मोटर घुमतच होती आणि काका जवळ होते. त्यांना वाटलं, रावेरवाल्याला नाद लागला. त्यांनी फोन उचलला आणि मोठ्यांदा म्हणाले, "आता बस झालं साहेब! बंद करा! बंद करा म्हणतो ना!" मग ऐकत राहिले. मग म्हणाले, "इंटरव्ह्यू नंतर. आधी मोटर बंद करा."

मी झडप घालून फोन घेतला. पुण्याच्या एका कंपनीतून एक बाई बोलत होत्या. कॉलेजने त्यांना माझं नाव दिलं होतं आणि अर्थातच जुना नंबर. "आम्ही बऱ्याच वेळा प्रयत्न केला," त्या थंडपणे म्हणाल्या. "तुम्ही दर वेळी फोन कट केलात. तुम्हाला इंटरेस्ट नाही का?"

मी सांगायला सुरुवात केली. मोटर, स्टार्टर, सिम, रिंग. घाबरून मी इतक्या वेगाने बोलले, की त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं. पण त्या म्हणाल्या, "एक मिनिट थांबा," आणि मी त्यांना कुणाला तरी हाक मारताना ऐकलं. मग एका पुरुषाचा आवाज आला. "रिले कोणता वापरलाय?" त्याने विचारलं. मी सांगितलं. "आणि अनोळखी नंबर का नाही गाळले?" मी म्हटलं, "सुचलं नाही." तो हसला. "सुचवून घ्या आणि मग या," तो म्हणाला.

ट्रक संध्याकाळी ट्रॅक्टर लावून काढला.

रविवारी रावेरची मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि वडील. आईने घर झाडून-पुसून ठेवलं होतं, गावची खास मिठाई म्हणून दराबा आणला होता. मला साडी नेसवली. मुलाचे वडील आत आले, बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "ते यंत्र कुठे आहे?"

"ते शाहपूरला," बाबा म्हणाले. "मुलगी आत आहे. बोलावतो."

"बोलवा, बोलवा. तीच समजावून सांगेल."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलगा काही विचारायच्या बेतात होता. त्याच्या आधी त्याच्या वडिलांनी मला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. तीन फेज आहे की सिंगल? एक फेज गेला तर मोटर जळणार नाही ना? कोरडी चालली तर? मी कागद मागितला आणि चित्र काढू लागले. काका बाजूला येऊन बसले आणि मधूनमधून उत्तरं देऊ लागले, बरीचशी चुकीची. मुलाची आई माझ्या आईकडे बघत होती, माझी आई पोह्यांकडे बघत होती. शेवटी पोह्यांच्या बशा गोळा करायचं काम त्या मुलाने केलं. तो सॉफ्टवेअरमध्ये होता आणि बिचारा सगळा वेळ एका शब्दानेही मध्ये पडला नाही. दारात निघताना मात्र हळूच मला म्हणाला, "नंबर तपासायचा असेल तर फोनच्या खालच्या पोर्टमधून येतो. केबल लावून वाचता येईल." त्या दिवशी त्याच्या-माझ्यात झालेलं बोलणं एवढंच.

हे लग्न जमलं नाही. रावेरहून निरोप आला, मुलगी फार हुशार आहे, आमच्या घरात मुलाला बोलायला जागाच उरणार नाही. निरोपाच्या शेवटी विचारलं होतं, यंत्र कधी मिळेल? बाबा दोन दिवस रागात होते. काका म्हणाले, "नाते गेले तर जाऊ दे, गिऱ्हाईक तर मिळालं ना."

केबल मात्र मी लावली. हे काम आधीच्यापेक्षा बरंच कठीण निघालं. आधीचं सगळं तारांचं काम होतं. रिंग आली का, एवढंच पाहायचं. आता कोणाची रिंग आली हे वाचायचं होतं, आणि त्यासाठी छोट्याशा चिपमध्ये प्रोग्रॅम घालायचा होता. मी बाबांच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायची, चिपमध्ये भरायची, शाहपूरला न्यायची, तिथे ती चालायची नाही, आणि मी परत यायची. कधी चूक प्रोग्रॅममध्ये असायची, कधी तारेत. कुठे आहे हे शोधायला दोन्हीकडे बघणाऱ्या माणसाची गरज होती, आणि त्या मळ्यात दुसरं कुणी नव्हतं. ज्या दिवशी आईच्या फोनने मोटर हलली नाही आणि काकांच्या फोनने घुमली, त्या दिवशी मी बागेच्या कडेला बसून बराच वेळ नुसतं पाणी बघत होते. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगू शकले असते, की मला आयुष्यभर काय करायचंय. कुणी विचारलं नाही. काका म्हणाले, "चल, चहा पिऊ."

पुण्याला मी गेले. तो रिलेबद्दल विचारणारा माणूस मुलाखत घ्यायला होता. त्याने माझी मार्कशीट उलटी ठेवली आणि म्हणाला, "पुन्हा सांगा, तुमचे काका आमच्या बाईंना नक्की काय म्हणाले?" मी सांगितलं. शेजारच्या खोलीतून दोन माणसं ऐकायला आली. मग त्याने सगळं सर्किट माझ्याकडून फळ्यावर काढून घेतलं आणि त्यातल्या चुका एकेक करून दाखवल्या. त्या खूप होत्या. तिथे असल्या छोट्या चिपा घालून यंत्रं बनवत. वजनकाटे, मीटर, असंच काही. या कामाला काय म्हणतात ते मला तेव्हा कळलं. एम्बेडेड. मी तो शब्द घरी फोन करून सांगितला. बाबांनी दोनदा विचारला, लिहून घेतला, आणि तरी लोकांना सांगताना ते 'सॉफ्टवेअर' म्हणत राहिले. काका शाहपुरात सांगत, ती लाईटमध्ये आहे.

कंपनीत एका बाजूला हार्डवेअरवाल्यांची खोली होती, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअरवाल्यांचा हॉल. माझ्यासाठी जागा शोधायला लागले, तेव्हा हार्डवेअरवाले म्हणाले ही प्रोग्रॅम लिहिते, तिकडे बसवा. तिकडचे म्हणाले हिच्याकडे सोल्डरिंगची गन आहे, तिचा धूर होतो, इकडे नको. शेवटी मला मधल्या पॅसेजमध्ये एक टेबल मिळालं. पहिल्याच आठवड्यात एक वजनकाटा उगाच वाढीव वजन दाखवू लागला. हॉलमधले म्हणाले बोर्ड खराब आहे, खोलीतले म्हणाले प्रोग्रॅम खराब आहे, आणि दोन्हीकडचे तो काटा उचलून माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी डबा उघडला आणि कामाला लागले.